मांड आणि मोल
(वैचारिक लेख)

१. प्रस्तावना

कोणतीही नवी विद्या शिकायची म्हटली की पहिला प्रश्न पैशाचा येतो. शिवणकाम असो, संगणक असो, मोटार चालवणे असो वा एखादे वाद्य असो; 'एवढे शुल्क भरून नेमके काय मिळणार?' असा विचार आपल्यापैकी प्रत्येकाने केव्हा ना केव्हा केलेला असतो. संसार सांभाळून, नोकरी करून शिकणाऱ्या माणसाला तर हा विचार करावाच लागतो. कारण त्याचा प्रत्येक रुपया कष्टाचा असतो आणि प्रत्येक तास कोठून तरी वाचवलेला असतो.

या पाठात लेखकाने घोडेस्वारीच्या शिक्षणाचे उदाहरण घेतले आहे. घोडेस्वारी शिकण्यासाठी पैसे खर्च करणे योग्य आहे का, या प्रश्नाची दोन्ही बाजूंनी चर्चा करून तो एका निष्कर्षापर्यंत येतो. वैचारिक लेखात मत कसे मांडावे, विरुद्ध मताचा आदर राखून त्याला उत्तर कसे द्यावे आणि आपल्या मताच्या मर्यादाही कशा सांगाव्यात, हे या पाठातून आपल्याला समजून घ्यायचे आहे.

२. उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही,
• वैचारिक लेखातील मुख्य विचार आणि त्याला आधार देणारे मुद्दे वेगळे करू शकाल;
• एखाद्या प्रश्नाची अनुकूल व प्रतिकूल बाजू स्वतःच्या शब्दांत मांडू शकाल;
• शुल्क भरून घ्यायच्या कोणत्याही शिक्षणाची पारख करण्यासाठी योग्य प्रश्न तयार करू शकाल;
• घोड्याशी संबंधित मराठी शब्द व वाक्प्रचार यांचा योग्य उपयोग करू शकाल.

३. मूळ पाठ

३.१ प्रश्न कसा निर्माण झाला

सप्टेंबर २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या होत्या. त्यांत भारताच्या घोडेस्वारांनी ड्रेसाज या प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळवले. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला हे ते चार स्वार. घोडेस्वारीतले भारताचे यापूर्वीचे सुवर्णपदक १९८२ च्या दिल्ली येथील स्पर्धांतील होते. म्हणजे मधली एक्केचाळीस वर्षे सुवर्णाविना गेली होती. सुदीप्ती हजेला इंदूरची. त्यामुळे इंदूरच्या वृत्तपत्रांत या यशाचे वृत्त ठळकपणे छापून आले.

त्यानंतर काही दिवसांनी इंदूरलाच आमच्या संपर्क वर्गात एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. वय बावीस. दिवसभर कापडाच्या दुकानात नोकरी, रात्री अभ्यास. ती म्हणाली, "सर, मला घोडेस्वारी शिकायची आहे. दहा धड्यांचे सहा हजार रुपये मागतात. माझ्याजवळ साठवलेले आहेत. पण बाबा म्हणतात, घोड्यावर बसून कोणाचे पोट भरले आहे? तुम्हांला काय वाटते?"

मी तिला तेव्हाच उत्तर दिले नाही. बाबांचा प्रश्न चुकीचा नव्हता आणि मुलीची इच्छाही पोरकट नव्हती. मी तिच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जो विचार केला, तोच येथे मांडत आहे.

३.२ शुल्क कोठे जाते?

सहा हजार रुपये म्हणजे एका धड्याचे सहाशे. हा धडा जेमतेम पाऊण तासाचा असतो. ऐकताच रक्कम मोठी वाटते. परंतु ही रक्कम कोठे जाते ते पाहिले पाहिजे.

मध्यम बांध्याच्या घोड्याचे वजन साधारणपणे चारशे ते पाचशे किलो असते. आपल्या वजनाच्या सुमारे दोन टक्के इतका कोरडा चारा व दाणा त्याला रोज लागतो. म्हणजे आठ ते दहा किलो. महिन्याचे गणित केले तर अडीचशे ते तीनशे किलो झाले. उन्हाळ्यात पिण्यास तीस-चाळीस लिटर पाणी सहज लागते. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद बोलवावा लागतो. कारण घोड्याचे खूर आपल्या नखांसारखे सतत वाढत असतात. रोज खरारा करणारा मोतद्दार, लसी, औषधे, खोगीर-लगामाची दुरुस्ती हे खर्च वेगळेच. शिवाय मोटार उभी असताना पेट्रोल पीत नाही. घोडा मात्र रविवारीही खातो, पावसाळ्यात मैदान बंद असले तरी खातो आणि आजारी पडला तर अधिकच खर्च मागतो. दिवसभर त्याच्याकडून काम करून घेता येत नाही, त्यामुळे हा सारा भार मोजक्या धड्यांवर पडतो.

थोडक्यात, शुल्काचा मोठा भाग शिक्षकाच्या खिशात न जाता घोड्याच्या पोटात जातो. हे ध्यानात घेतले म्हणजे शुल्क अवाजवी वाटत नाही. मात्र शुल्क वाजवी आहे याचा अर्थ ते आपण भरावेच असा होत नाही. त्यासाठी पुढचा प्रश्न विचारला पाहिजे.

३.३ विरुद्ध बाजू

पैसे भरू नयेत असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा जोरकस आहे. माथेरानमध्ये खासगी मोटारींना बंदी आहे. तेथे पिढ्यान् पिढ्या माणसे आणि सामान घोड्यांवरून जाते. तेथील घोडेवाल्यांच्या मुलांनी कोणत्या स्वारी-शाळेत शुल्क भरले? तापीकाठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे घोड्याची चाल पाहून पारख करणारी माणसे कोणत्या वर्गात बसली होती? भीमेच्या खोऱ्यातील तट्टांवर मांड ठोकून मराठी स्वारांनी दूरवर मोहिमा केल्या; त्यांच्याजवळ तरी कोणते प्रमाणपत्र होते? विद्या जर अशी सहज मिळत असेल तर पैसे का मोजावेत?

हा युक्तिवाद ऐकण्यास बरोबर वाटतो. पण त्यात एक गोष्ट राहून जाते. शिवकालीन घोडदळात स्वारांचे दोन प्रकार असत. ज्याचा घोडा व शस्त्रे स्वतःची, तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे, तो बारगीर. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि त्यांच्या दिमतीस पाणी पुरवणारा पखालजी व नालबंद दिलेला असे. म्हणजे बारगिराचा खर्च राज्य करीत होते आणि शिलेदाराचा त्याचे घर. घोडेवाल्याचा मुलगा पैसे देत नाही हे खरे. पण तो पहाटे उठून लीद काढतो, चारा घालतो, लाथा खातो, पडतो आणि पुन्हा चढतो. दहा वर्षांचे बालपण तो या विद्येला देतो. त्याचे शुल्क रोख नसते इतकेच. ज्याच्या घरी घोडा नाही, ज्याला दहा वर्षे देता येत नाहीत, त्याला दुसऱ्याने केलेल्या त्या कष्टांचे मोल पैशांत द्यावे लागते. विद्या फुकट कोणालाच मिळालेली नाही.

पाठगत प्रश्न १
योग्य पर्याय निवडा.
(अ) लेखकाच्या मते शुल्काचा मोठा भाग कशावर खर्च होतो?
(१) जाहिरातीवर (२) घोड्याच्या पोषणावर व देखभालीवर (३) शिक्षकाच्या वेतनावर (४) मैदानाच्या भाड्यावर
(आ) बारगिराला घोडा कोठून मिळत असे?
(१) स्वतःच्या घरून (२) बाजारातून (३) सरकारी पागेतून (४) नालबंदाकडून

३.४ शिक्षक काय देतो?

थंड हवेच्या ठिकाणी आपण पैसे देऊन घोड्यावरून फेरी मारतो. घोडेवाला दोर धरून पुढे चालतो, घोडा सवयीने त्याच्यामागून जातो. आपण ताठ बसून छायाचित्र काढून घेतो आणि आपल्याला घोड्यावर बसता येते असे समजतो. खरे पाहता त्या वेळी आपण स्वार नसतो. आपण ओझे असतो. दोर सोडला आणि घोडा वळला, तर त्याला थांबवायचे कसे हे आपल्याला ठाऊक नसते.

धड्यात शिक्षक पहिल्यांदा हेच शिकवतो. सुरुवातीला घोड्याला लांब दोरी बांधून तो गोल फिरवला जातो. स्वाराच्या हातात लगामही दिला जात नाही. त्याने फक्त तोल सांभाळायचा. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत आणायची. टाच खाली, दृष्टी समोर. सांगण्यास सोपे, करण्यास अवघड. कारण घाबरलेले शरीर आपोआप पुढे वाकते, गुडघे आवळते आणि आधारासाठी लगाम ओढते. लगामाची कडी घोड्याच्या तोंडात असते. तिला हिसका बसला की घोड्याला वेदना होतात, तो बिथरतो आणि स्वार आणखी घाबरतो. गंमत अशी की, या सगळ्यात स्वाराला आपण सरळच बसलो आहोत असे वाटत असते. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. ती पाहणारा दुसरा माणूस लागतो.

येथे घोडेस्वारी आणि इतर अनेक विद्या यांतील भेद स्पष्ट होतो. इतिहास, भूगोल, व्याकरण यांचा पुष्कळसा भाग जिद्दीने पुस्तकांवरून शिकता येतो. तुम्ही सर्व जण ते करीतच आहात. पण हा पाठ दहा वेळा वाचूनही कोणाला घोड्यावर बसता येणार नाही. चूक झाली त्याच क्षणी 'टाच खाली, हात सैल' असे सांगणारा आवाज मैदानात असावा लागतो. शुल्कातून विकत मिळते ती ही जागती नजर.

दुसरी गोष्ट म्हणजे घोड्याचा स्वभाव. घोडा बलवान असला तरी मूळचा भित्रा प्राणी आहे. संकट दिसताच पळून जाणे हाच त्याचा बचाव. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते. मात्र अगदी पाठीमागचे आणि कपाळासमोरचे दिसत नाही. म्हणून त्याच्या मागून अचानक जाऊ नये, आवाज देत बाजूने जावे. ग्रीक चरित्रकार प्लूटार्क याने अलेक्झांडरची एक कथा सांगितली आहे. कोणालाही न आवरणारा ब्यूसेफॅलस हा घोडा स्वतःच्याच सावलीला भितो, हे कुमार अलेक्झांडरच्या लक्षात आले. त्याने घोड्याचे तोंड सूर्याकडे वळवले. सावली मागे पडली आणि घोडा शांत झाला. मोठ्यांना बळाने जे जमले नाही ते त्याला निरीक्षणाने साधले. चांगल्या शाळेत पहिला धडा खोगिरावर नव्हे, तर तबेल्यात खरारा हाती घेऊन सुरू होतो, त्याचे कारण हेच.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. घोड्यावर बसणारा कधी तरी पडतोच. अशा अपघातांत डोक्याची इजा सर्वांत गंभीर ठरते. म्हणून हनुवटीखाली पट्टा बांधलेले शिरस्त्राण आणि रिकिबीत पाऊल अडकू नये म्हणून थोड्या टाचेचे बूट आवश्यक असतात. शांत घोडा, मऊ मातीचे मैदान आणि जाणता शिक्षक असेल, तर त्या पडण्यातूनही शिकता येते. बेफिकीर माणसाच्या हाताखाली स्वस्तात शिकताना झालेला अपघात मात्र आयुष्यभर महाग पडू शकतो.

३.५ पैसे केव्हा वाया जातात?

इतके सांगूनही प्रत्येकाने शुल्क भरावे असे मी म्हणणार नाही. वर्षातून एकदा सहलीला जाऊन फेरी मारण्याची हौस असेल, तर धड्यांची गरज नाही. महिन्यातून एखादा धडा घेऊन मधले आठवडे कोरडे जाणार असतील, तर तोल दर वेळी नव्याने शिकावा लागतो आणि पैसे वाया जातात. कर्ज काढून किंवा घरच्या औषधपाण्याचे पैसे वळवून शिकण्याजोगी ही विद्या नाही. 'शिकलो की नोकरी मिळेल' असे कोणी सांगत असेल, तर सावध व्हावे. राष्ट्रपतींचे अंगरक्षक दल किंवा कोलकात्याचे घोडेस्वार पोलीस यांसारख्या दलांत भरती त्यांच्या स्वतःच्या नियमांनी होते आणि स्वारीचे शिक्षण ते दलच देते. पदकाचे स्वप्न असेल, तर त्याचीही किंमत समजून घ्यावी. हांगझोऊच्या विजेत्यांनी युरोपात राहून सराव केला होता. तो मार्ग दहा धड्यांचा नाही.

शाळा वाईट असेल तरीही पैसे बुडतात. ती ओळखण्याच्या काही खुणा आहेत. घोड्याच्या फासळ्या दिसत असतील, खोगिराखाली पाठीवर जखमा असतील, शिरस्त्राण न देता स्वाराला चढवत असतील, एक धडा पाहू देण्यास नकार देऊन वर्षाचे शुल्क आधीच मागत असतील, तर तेथून नमस्कार करून परत यावे. जो घोड्याची काळजी घेत नाही तो स्वाराची काय घेणार?

आणि वयाचे काय? 'आता या वयात काय शिकणार?' हा आक्षेप मात्र मला मान्य नाही. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालील पायांतले बळ गेले. घोड्यावर चढण्या-उतरण्यासही त्यांना मदत लागे. तरीही त्यांनी १९५२ आणि १९५६ अशा दोन ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदके मिळवली. जपानचे हिरोशी होकेत्सू २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये स्वार म्हणून उतरले, तेव्हा ते ७१ वर्षांचे होते. ऑलिम्पिकच्या घोडेस्वारीत स्त्रिया आणि पुरुष एकाच स्पर्धेत समोरासमोर उतरतात. तेव्हा वय, स्त्रीत्व किंवा शरीराची एखादी उणीव हे नकाराचे कारण होऊ शकत नाही. पैसा आणि वेळ ही खरी कारणे आहेत. ती मात्र प्रामाणिकपणे तपासली पाहिजेत.

३.६ निष्कर्ष

आठ दिवसांनी मी त्या विद्यार्थिनीला हो किंवा नाही असे उत्तर दिले नाही. तिला चार प्रश्न दिले. मला हे कशासाठी हवे आहे? आठवड्यातून किमान एक दिवस, सलग तीन महिने, मी देऊ शकेन का? हे पैसे गेले तर घरात कोणाचे काही अडेल का? आणि ज्याला मी पैसे देणार त्याचे काम मी डोळ्यांनी पाहिले आहे का?

तिने प्रामाणिकपणे उत्तरे काढली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय, अडेल' असे आले. कारण त्याच महिन्यात धाकट्या भावाचे परीक्षाशुल्क भरायचे होते. म्हणून ती चार महिने थांबली. मग एका रविवारी वडिलांना बरोबर घेऊन धडा पाहून आली आणि त्यानंतर तिने पैसे भरले. सहाव्या धड्यात ती पडली. शिरस्त्राण होते, कोपर खरचटण्यावर निभावले. दहा धड्यांच्या शेवटी तिला घोडा चालवता, थांबवता, वळवता आणि दुडकीवर तोल सांभाळून बसता येऊ लागले. भरधाव दौड तिला आली नाही; दहा धड्यांत ती येतही नाही.

पुढच्या दहा धड्यांचे पैसे तिच्याजवळ नव्हते. तेव्हा तिने शाळेतल्या शिक्षकांना विचारले की, रविवारी सकाळी तबेल्यात काम केले तर चालेल का? आता ती खरारा करते, खोगिरे पुसते आणि त्या बदल्यात तिला अर्धा तास स्वारी मिळते. म्हणजे पहिले शुल्क तिने पैशांत भरले, दुसरे कष्टांत भरते आहे.

तिचे वडील मला एकदा भेटले. मी विचारले, "काय, पैसे वाया गेले का?" ते जरा थांबून म्हणाले, "सर, पोट काही त्याने भरत नाही. पण पोरगी पूर्वी दुकानात मालक ओरडला की रडत घरी यायची. आता म्हणते, घोडा बिथरला तर आपण बिथरायचे नाही." एवढे बोलून ते हसले. हा लाभ सहा हजारांचा आहे की नाही, हे मी त्यांना सांगितले नाही. तो हिशेब ज्याचा त्याने करायचा असतो.

पाठगत प्रश्न २
एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सहलीतील फेरीच्या वेळी 'आपण ओझे असतो' असे लेखक का म्हणतो?
(आ) ब्यूसेफॅलस कशाला भीत होता?
(इ) विद्यार्थिनी चार महिने का थांबली?

४. शब्दार्थ

मांड – घोड्यावर पक्की बैठक
मोल – किंमत, मूल्य
खोगीर – घोड्याच्या पाठीवर घालायची गादीसारखी बैठक
रिकीब – स्वाराने पाऊल ठेवण्याची कडी
खरारा – घोड्याचे अंग घासण्याचे दातेरी साधन. ते घासण्याची क्रिया
मोतद्दार – घोड्याची निगा राखणारा सेवक
नालबंद – घोड्याच्या खुरांना नाल ठोकणारा कारागीर
पागा – घोडे ठेवण्याची जागा, घोडदळाचे पथक
पखालजी – कातडी पिशवीतून पाणी वाहून नेणारा
दिमतीस – सेवेस, मदतीस
तट्टू – लहान चणीचा घोडा
दुडकी – घोड्याची मध्यम वेगाची उसळती चाल
शिरस्त्राण – डोक्याचे रक्षण करणारे टोप
बिथरणे – घाबरून अनावर होणे
ड्रेसाज – स्वाराच्या सूक्ष्म इशाऱ्यांनुसार घोड्याने ठरावीक हालचाली करून दाखवण्याचा क्रीडाप्रकार

५. आशय-विवेचन

लेखाची सुरुवात एका खऱ्याखुऱ्या अडचणीतून होते. प्रश्न 'घोडेस्वारी चांगली की वाईट' असा नसून 'या व्यक्तीने, या परिस्थितीत, इतके पैसे द्यावेत का' असा आहे. प्रश्न नेमका केल्यामुळे उत्तरही नेमके शोधता येते.

लेखक प्रथम शुल्काचा हिशेब मांडतो. त्यानंतर विरुद्ध मत पूर्ण ताकदीने सांगतो. माथेरान आणि सारंगखेडा ही उदाहरणे त्याच्या स्वतःच्या मताविरुद्ध जाणारी आहेत, तरी तो ती टाळत नाही. शिलेदार व बारगीर यांतील फरक दाखवून तो त्या मताला उत्तर देतो. 'विद्या फुकट कोणालाच मिळालेली नाही' हे विधान या लेखाचा कणा आहे. लेखाच्या शेवटी आलेली विद्यार्थिनीची हकिकत या विधानाला दुजोरा देते; कारण ती आधी पैशांत आणि नंतर कष्टांत मोल चुकवते.

लेखक आपल्या मताच्या मर्यादाही सांगतो. पैसे केव्हा वाया जातात, याला त्याने स्वतंत्र भाग दिला आहे. वडिलांचा आक्षेप शेवटपर्यंत खोडून काढलेला नाही. 'पोट काही त्याने भरत नाही' हे वाक्य तसेच राहू दिले आहे. त्यामुळे लेख उपदेशपर न होता विचाराला वाव देणारा झाला आहे.

६. भाषाभ्यास

मराठी माणसाचा घोड्याशी फार जुना संबंध आहे. म्हणूनच घोडा आज रोजच्या व्यवहारातून दूर गेला असला, तरी भाषेत तो टिकून आहे. पुढील वाक्प्रचार व म्हणी पाहा.

मांड ठोकणे – पक्के बसणे, ठाण मांडणे
लगाम घालणे – आवर घालणे
घोडे पेंड खाणे – नेमक्या जागी काम अडणे
घोडामैदान जवळ असणे – परीक्षेची वेळ समीप असणे
खोगीरभरती – उपयोग नसताना केलेली निरर्थक भर
वरातीमागून घोडे – वेळ निघून गेल्यावर केलेली कृती

उदाहरण : सगळी तयारी झाली, पण परवानगीच्या कागदापाशी घोडे पेंड खाऊ लागले.

कृती : वरीलपैकी कोणत्याही चार वाक्प्रचारांचा वा म्हणींचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा. तुमच्या भागात घोडा, बैल किंवा उंट यांवरून आलेला एखादा वाक्प्रचार असल्यास तोही अर्थासह लिहा.

७. आपण काय शिकलो?

• शुल्क वाजवी आहे की नाही आणि ते आपण भरावे की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.
• विद्येचे मोल पैशांत, वेळेत किंवा कष्टांत द्यावे लागते.
• ज्या विद्येत चूक स्वतःला दिसत नाही, तेथे जाणत्या शिक्षकाची नजर मोलाची ठरते.
• हेतू, नियमितपणा, घरची गरज आणि शाळेची पारख या चार कसोट्या लावून निर्णय घ्यावा.
• चांगल्या वैचारिक लेखात विरुद्ध मताला योग्य स्थान दिलेले असते.

८. पाठान्त प्रश्न

(१) घोडा पाळण्यास कोणकोणते खर्च येतात, ते पाठाच्या आधारे लिहा.
(२) शिलेदार व बारगीर यांतील फरक सांगून लेखकाने तो कोणत्या मुद्द्यासाठी वापरला आहे ते स्पष्ट करा.
(३) 'स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही' या वाक्याचा शब्दशः अर्थ व सूचित अर्थ लिहा.
(४) लिस हार्टेल व हिरोशी होकेत्सू यांची उदाहरणे लेखकाने का दिली असावीत?
(५) वडिलांच्या शेवटच्या बोलण्यावरून तुम्हांला त्यांच्या स्वभावाविषयी काय जाणवते?
(६) तुम्हांला शिकावीशी वाटणारी एखादी विद्या निवडा. पाठातील चार प्रश्न तिला लावून पाहा आणि तुमचा निर्णय कारणांसह दहा-बारा ओळींत लिहा.

९. पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) – (२); (आ) – (३)

प्रश्न २ : (अ) त्या वेळी घोडा घोडेवाल्याच्या मागून सवयीने चालतो आणि त्यावर आपले कोणतेही नियंत्रण नसते, म्हणून. (आ) ब्यूसेफॅलस स्वतःच्याच सावलीला भीत होता. (इ) त्याच महिन्यात धाकट्या भावाचे परीक्षाशुल्क भरायचे असल्यामुळे ती चार महिने थांबली.